जुम्म्याची भाकरी

पौडच्या शाळेच्या व्हरांड्यात आरोग्यवाल्यांनी टेबल मांडलं होतं. त्यावर तेलातुपाच्या सहा बाटल्या होत्या, आणि सहाव्या बाटलीशी येऊन मुनीराची नजर थांबली. खरं तर ती तिथं आली होती ती फुकट मिळणाऱ्या साबणाच्या वडीसाठी. पन्नाशी ओलांडलेल्या विधवा बाईला हृदय, रक्त, चरबी यांच्या गप्पांत काय रस असणार? पण वडी भाषण संपल्यावर वाटणार होते, म्हणून ती शेजारणींच्या घोळक्यात भिंतीला टेकून उभी राहिली. चंद्रकला नर्स हातातल्या फूटपट्टीनं एकेका बाटलीला टिचकी मारत बोलत होती. ही लवळ्याची मुलगी, आईबापांनी चिकाटीनं शिकवलेली. तिचं बोलणं स्वच्छ आणि घाईचं. डावीकडच्या तीन बाटल्या, तूप, वनस्पती, खोबरेल, यांच्यावर हात आखडता ठेवायचा. उजवीकडच्या तीन त्यातल्या त्यात बऱ्या. पहिली करडई, दुसरी सूर्यफूल. तिसरीवर चिठ्ठी होती, पण ती मुनीराला इतक्या लांबून वाचता आली नाही आणि वाचायची गरजही नव्हती. बाटली कलली तशी आतलं तेल काचेवरून ज्या संथपणे खाली उतरलं, त्यावरूनच तिनं ते ओळखलं. अठ्ठावीस वर्षं तिनं ते तेल गाळलं होतं. तरी तिनं विचारलं, ती कसली बाटली म्हणून. चंद्रकलेनं वर पाहिलं, ओळखून हसली. "खुरासणीचं, भाभी. तुमच्या घाण्याचंच की. करडईच्याच जातकुळीतलं आहे हे. मापात खाल्लं तर हृदयवाल्याला पण चालतं. पुण्याच्या कागदावर सापडायचं नाही, कारण पुण्यात ते कुणी खातच नाही." बायका हसल्या. मुनीराही पदर सावरून हसली. साबणाची वडी मिळेपर्यंत ती थांबली, वडी पिशवीत टाकली, आणि शाळेच्या पायऱ्या उतरली.

रस्त्यावर ऊन होतं, नोव्हेंबरचं, अंगाला बरं वाटणारं. तहसील कचेरीसमोर नेहमीची माणसं नेहमीचे कागद घेऊन उकिडवी बसली होती. सगळं जिथल्या तिथं होतं आणि याचाच तिला राग आला. पुण्याच्या कागदावर सापडायचं नाही. तो कागद अजून तिच्या स्वयंपाकघरात होता, फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला, कडांना तेलकट पिवळा झालेला. सहा वर्षं झाली त्याला. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात तिचा नवरा नसीर घाण्याच्या खोलीतच छाती धरून बसला. त्याला जीपमध्ये घालून पुण्याला नेलं, सोळा दिवस दवाखान्यात ठेवलं, आणि घरी सोडताना एका तरुण डॉक्टरनं तो कागद तिच्या हातात दिला. वर जाड अक्षरात 'काय टाळावे', खाली 'काय घ्यावे'. मुनीरा चौथी शिकलेली. एसटीत नसीर तिच्या खांद्याला टेकून डोळे मिटून बसला होता आणि ती एकेक अक्षर लावून तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. टाळावेच्या यादीत तूप होतं, लोणी होतं, मटण होतं. घ्यावेच्या यादीत करडईचं तेल, दिवसाला तीन चमचे. खुरासणी ना वरच्या यादीत, ना खालच्या. चांदणी चौक मागं पडला, बावधनची शेतं मागं पडली, आणि पिरंगुट यायच्या आत तिनं निकाल लावून टाकला होता. एवढे शिकलेले लोक, एवढा दवाखाना, आणि चांगलं असतं तर त्यांनी लिहिलं नसतं का? जे लिहिलेलं नाही ते चांगलं नाही. डॉक्टरला विचारायचं तिला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण ज्याच्या घराण्याचं पोट त्या तेलावर चालतं त्याच्या बायकोनं, त्याच्या खाटेशेजारी उभं राहून, हे तेल विष आहे का हो, असं विचारायचं कसं?

नसीर शेख याला गावात शेख कुणी म्हणत नसे, सगळे घाणेवाले म्हणत. घाणा त्याच्या वडलांचा, फकरुद्दीनचाचांचा. बाजारपेठेच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत लाकडी घाणा, एक बैल, आणि डोंगरातल्या वाड्यांवरून येणारी खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, पोती. भाद्रपदात ती उतारावरची पिवळी शेतं गावातून दिसत आणि नसीर त्यांच्याकडे बघून बोटांवर काहीतरी मोजत राही. तेल काढणारे तालुक्यात आणखीही होते. पण नसीरच्या तेलाला लोक दोन गावं ओलांडून येत, कारण त्या घराण्याची एक रीत होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. ताजं तेल घाण्यापाशी चाखायचं नाही. गरम तेल जिभेला फसवतं, आणि घाणेवाल्याचं नाक तर त्या वासात जन्मभर बुडालेलं, त्याचा भरवसा धरायचा नाही, असं फकरुद्दीनचाचा सांगत. नव्या तेलाचा पहिला शेर घरी न्यायचा, आठ दिवस बरणीत निवळू द्यायचा, आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर घरधनिणीनं तांदळाची गरम भाकरी, तिखटमीठ आणि वर ते तेल एवढंच ताटात वाढायचं. दुसरं काही नाही. घाणेवाल्यानं खायचं आणि सांगायचं. तोवर त्या तेलाचा डबा विक्रीला उघडायचा नाही, दारात कलेक्टर येऊन उभा राहिला तरी नाही. सांगायचं म्हणजे तरी काय? नसीर पहिला घास चावून गिळायचा, भिंतीकडे बघायचा, आणि म्हणायचा, "हं." बस्स. लग्न होऊन आली तेव्हा त्या 'हं'चं तिला हसू यायचं. एवढा डोलारा, एवढी वाट बघणं, आणि शेवटी काय, तर म्हशीनं मान हलवावी तसा हुंकार. पुढे पुढे मात्र दर जुम्म्याला भाकरी वाढून ती चुलीपाशी कान देऊन बसू लागली. 'हं' आलं की तिचा आठवडा बरा जायचा. त्या तेलात तिचा हात काय असायचा, गाळण्यापुरता. तरी तिला वाटे ते आपल्याबद्दलच आहे.

दवाखान्यातून आल्यावर महिनाभरानं सायरा माहेरी आली. सायरा त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात नाना पेठेत दिलेली. तिच्या पिशवीत साडीत गुंडाळलेला करडईच्या तेलाचा डबा होता, चकचकीत, वर लाल रंगात हृदयाचं चित्र. मायलेकी त्या डब्याकडे चोरीचा माल असल्यासारख्या बघत राहिल्या. चोरीचाच होता तो. घाणेवाल्याच्या घरात डब्याचं तेल शिजतं हे गावाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घाणा बंद पडला असता. आधीच लोक बिचकायला लागले होते. तहसीलचे हैबतराव कारकून महिन्याला चार शेर नेणारे. त्यांनी पेपरातलं कात्रण खिशात बाळगायला सुरुवात केली होती आणि ज्याला त्याला ते वाचून दाखवत. त्यांना स्वतःला धाड भरली नव्हती, दोन मैल चालत कचेरीला येत. मग हेडमास्तर, मग कंपाउंडर, मग त्यांच्या बायकांकडून इतर बायका. ज्या घरात छातीचं दुखणं कुणाला माहीत नव्हतं तिथं ते दुखणं आधी कागदावरून आलं आणि मागून डबा आला. रिकामा डबा दारात पाणी भरून ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. नसीर यावर हसायचा. म्हणायचा, पोटात नको म्हणे, पण डोक्याला चोळायला अजून आपलंच नेतात. त्याला हसायला येत होतं कारण आपलं घर आपल्या बाजूनं आहे असं तो समजून होता. मुनीरानं मागचं दार लावून तेलाची बरणी पुढं घेतली, तिच्यातलं खुरासणीचं तेल दिव्याच्या बाटलीत ओतलं, बरणी राखेनं घासली, आणि करडईचं तेल तिच्यात भरलं. बरणी तपकिरी, जाड, चिनी मातीची. बाहेरून काही दिसायचं नाही. डबा तिनं चेपून परसात पुरला. हे करताना तिला पाप केल्यासारखं वाटलं नाही. उलट, आपण त्याला मरणाच्या दारातून हाताला धरून मागे ओढतोय असं वाटलं, आणि त्या विचारानं तिला रडूही आलं.

आता ती चालत चालत स्टँडपर्यंत आली होती. घर विरुद्ध दिशेला होतं, हे तिला बाकावर बसल्यावर लक्षात आलं. बसून राहिली. समोर एक एसटी सुटत होती, कंडक्टर दार आपटत होता. पहिला जुम्मा तिला जसाच्या तसा आठवत होता. नव्या तेलाचा शेर नसीरनं घरी आणून आठ दिवस झाले होते आणि तो तिनं तसाच झाकून फळीवर ठेवला होता. भाकरी थापली, तिखटमीठ वाढलं, आणि हात फळीकडे न जाता करडईच्या तपकिरी बरणीकडे गेला. तीन चमचे, कागदावर लिहिल्याप्रमाणे. नसीरनं घास घेतला. चावला, गिळला, भिंतीकडे पाहिलं. ती चुलीशी कान देऊन बसलेली. काही आलं नाही. त्यानं दुसरा घास घेतला, तो जरा जास्त वेळ चावला, आणि मग विचारलं की हे नव्या घाण्याचंच ना. हो, ती म्हणाली. तो हात धुऊन उठला. त्या जुम्म्याला विक्रीचा डबा उघडला नाही. मग त्यानं घाणा खरवडून धुतला. वाडीवरून वर्षानुवर्षं बी आणणाऱ्या गेणबाची दोन पोती परत पाठवली, बी दमट आहे म्हणून, आणि गेणबासारख्या माणसाचं बी दमट असणं शक्य नव्हतं. दुसरं तेल काढलं. दुसरा जुम्मा. पुन्हा तेच. तिला आत कुठंतरी धसका बसला होता की याला कळलं, आता हा ताट भिरकावील. एका परीनं तिला ते हवंही होतं. पण नसीर ताट भिरकावणारा माणूस नव्हता. तिसऱ्या जुम्म्याला त्यानं अर्धी भाकरी संपवली आणि तिच्याकडे न बघता, भिंतीशीच बोलावं तसं विचारलं, "तुला कसं लागतंय गं?"

त्यानं तिला कधी असं विचारलं नव्हतं. सव्वीस वर्षांत नाही. तेलाचं विचारण्याचा प्रश्नच नसायचा, तो सांगायचा आणि ती ऐकायची. त्या क्षणी तिला कागद दिसला, दवाखान्यातली पांढरी खाट दिसली, नाकातली नळी दिसली. तिनं तोंडात घास नसतानाच उत्तर दिलं. "न्हेमीवानीच," ती म्हणाली. नसीरनं उरलेली भाकरी संपवली. मग म्हणाला, बरं. आणि त्यानं डबा उघडला, तिच्या शब्दावर. गावातून कुणी तक्रार घेऊन आलं नाही. उलट हैबतरावांच्या मोलकरणीनं, साळूबाईनं, जी आपल्या घरी अजून तेच तेल खायची, येऊन सांगितलं की या खेपेचं तेल फार गोड होतं. तेव्हा नसीर तिथंच बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मुनीरानं पाहिलं होतं, पण तिला त्याचा अर्थ लागला नव्हता. तिला वाटलं, म्हातारा खूश झाला.

त्यानंतर तो कमी बोलू लागला. दर जुम्म्याला ती भाकरी वाढायची, तो खायचा, आणि विचारायचा, तुला कसं लागतंय. ती म्हणायची, न्हेमीवानीच. हळूहळू त्यात तिला गोडवाही वाटायला लागला, की बघा, दुखण्यानं माणूस मऊ झाला, बायकोला विचारायला लागला. दोन वर्षं त्या घरात एकदाही 'हं' ऐकू आलं नाही. आणि ऐंशी सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी ती पाणी भरून आली तर ढवळ्याचं दावं रिकामं. बैल विकला होता, गेणबाला. घाण्याच्या खोलीला कुलूप. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, लोक डबे खायला लागले, आता कुणासाठी पेरायचं नि कुणासाठी पिळायचं. ते खरंही होतं, निम्मी गिऱ्हाइकं गेलीच होती. तिनं मान हलवली. वर, सुटलो एकदाचं, असंही तिच्या मनात आलं. आता हा दगदग करणार नाही, घरी बसेल, चार वर्षं जास्त जगेल. कुलपाची किल्ली त्यानं तिच्याकडे दिली तेव्हा तिनं ती हसतमुखानं घेतली. ते हसणं आज बाकावर बसून आठवताना तिला आपलं तोंड ओरबाडून काढावंसं वाटलं.

तो चार वर्षं जगला नाही. चार महिने जगला. एक्याऐंशीच्या मार्चमध्ये, रविवारी सकाळी, नमाजाआधीच्या वजूला, हातपाय धुवायला, बसला आणि हातातला तांब्या तसाच कलंडला. लोक म्हणाले, नशीब, हाल झाले नाहीत. सायरा म्हणाली, अम्मी, तू होतीस म्हणून एवढे तरी दिवस मिळाले. ते मुनीरानं धरून ठेवलं. आणि आणखी एक गोष्ट तिनं धरून ठेवली होती, जी सायरालाही सांगितली नव्हती. जाण्याच्या चार दिवस आधी, बुधवारी दुपारी, तो जेवायला बसला. जुम्मा नव्हता, काही नव्हतं. तिनं भाजीभाकरी वाढली. तर म्हणाला, आज जुम्म्याची भाकरी दे. तिनं दिली, तिखटमीठ आणि वर बरणीतलं तीन चमचे तेल. त्यानं पहिला घास चावला, गिळला. या वेळी भिंतीकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं, चांगलं टक लावून, आणि म्हणाला, "हं." दोन वर्षांनी. अखेर त्याला आवडलं, अखेर त्याची जीभ या तेलाला सरावली, असं तिनं धरलं. त्या एका हुंकारावर तिनं तीन वर्षं काढली. दिवस वाईट गेला की ती मनात तो पुन्हा ऐकायची. नवऱ्याचा फोटो ठेवतात तसा तिनं तो ठेवला होता.

"भाभी, कुटं निगाला?" आवाज गेणबाचा होता. डोंगरातल्या वाडीवरचा गेणबा, नसीरचा जोडीदार म्हणावा इतका जुना, वडलांच्या वेळेपासून खुरासणी घालणारा. आता तो निळी टोपी काढून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, एसटीला अवकाश होता. पायाशी पिशवी, पिशवीत तेलाची बाटली. आता खुरासणी मुळशीच्या बाजूला एका दुसऱ्या घाण्यावर नेतो, त्यानं सांगितलं, पण ते तेल काही खरं नाही. मग ढवळ्याचं सांगितलं, म्हातारा झालाय, आता कामाला जुंपत नाही, नुसता बांधून खाऊ घालतो. मुनीरा ऐकत होती आणि ऐकत नव्हती. शेवटी तिनं शाळेतल्या बाटल्यांचं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, कोरड्या आवाजात, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं की गेणबा, ते तेल वाईट नव्हतंच. मी घरात डब्याचं तेल घालत होते त्यांना. त्यांना माहीत नव्हतं. आजवर कुणालाच माहीत नाही, तुम्हाला सांगते आहे.

गेणबा बराच वेळ टोपी गुडघ्यावर सपाट करत राहिला. मग म्हणाला, "त्यांना ठावं व्हतं, भाभी."

आणि मग तो सांगत गेला, थांबत थांबत, कारण हे सांगू नको असं नसीरनं त्याला बजावलं होतं. बैल विकायला आला त्या दिवशी नसीरनं त्याच्यापाशी मन मोकळं केलं होतं. दुखण्यानं माझी जीभ मेली, असं म्हणाला होता. दोन वर्षं मला तेलाची चवच लागत नाही. गाव म्हणतं तेल चांगलं, मुनीरा म्हणते नेहमीसारखं, म्हणजे तेल बरोबर आहे आणि मीच गेलोय. बायकोच्या जिभेवर किती दिवस तेल विकू? उद्या खवट गेलं तर बापाच्या नावाला बट्टा. ज्याला कळत नाही त्यानं घाणा चालवू नये. म्हणून त्यानं घाणा बंद केला होता. गिऱ्हाइकांचं कारण सांगायला होतं, गिऱ्हाइकं कमी झाल्यावर माणूस रडतो, पण घाणा मोडत नाही. हे त्यानं मुनीराला सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं असतं दुखणं वाढलंय, ती घाबरली असती. गेणबानं इथं मान वळवली आणि स्टँडच्या घड्याळाकडे बघितलं. घड्याळ बंद होतं.

नंतर मार्चमधला तो मंगळवार. नसीरला ढवळ्याला बघायची हुक्की आली आणि तो वाडीवर गेला. भीमाबाईनं, गेणबाच्या बायकोनं, पाहुणा आला म्हणून भाकरी टाकली. घरात भाकरीबरोबर कोरड्यास काही नव्हतं, तिनं तिखटमीठ आणि तेल दिलं. नसीरनं घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला. "रंगच गेला तोंडाचा. मी म्हनलं छातीत आलं पुना," गेणबा म्हणाला. "मंग गिळला. दुसरा घेतला. भीमाला इचारलं, ह्ये तेल कुटलं. ती म्हनली, तुमचंच की भाऊ, शेवटच्या घान्याचं, जपून ठिवलंय. मंग तीन भाकऱ्या खाल्ल्या, भाभी. दुखनेकऱ्या मानसानं तीन. बैलापाशी जाऊन बसला. मी मागनं गेलो तर हासत व्हता, आन डोळं वल्लं. म्हनला, गेणबा, जीब जित्ती हाय माझी. मला वाटलं आता म्हननार, बैल परत दे, घाना सुरू करतो. तर न्हाई. म्हनला, ती बिचारी दोन वर्सं भीत भीत वाढत असंल रं. तिला कळता कामा न्हाई मला कळलंय ते."

एसटी आली. गेणबानं उठून पिशवीतली बाटली काढली, तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही. तो बाटली परत ठेवून गाडीत चढला. खिडकीतून त्यानं हात केला असेल, तिनं बघितलं नाही.

मंगळवार. आणि बुधवारी दुपारी त्यानं ती भाकरी मागून घेतली होती. तिनं वार बोटांवर मोजून पाहिले, जणू मोजण्यात कुठं चूक निघाली तर सुटका होईल. चूक निघाली नाही. घरी जाताना वाटेत साळूबाई भेटली, काहीतरी बोलली, मुनीरानंही काहीतरी उत्तर दिलं. घाण्याच्या खोलीवरून जाताना कुलपाला हात लावावा असं मनात आलं, लावला नाही. एका माणसाला वाचवायचं म्हणून तिनं त्याच्याकडून त्याची जीभ काढून घेतली होती. त्यानं स्वतःला मेलेला धरून दोन वर्षं काढली, आणि तिला घाबरवायचं नाही म्हणून ते मरण एकट्यानं सोसलं. ज्या दिवशी कळलं की तो जिवंत आहे, त्या दिवशीही आधी त्याला काळजी पडली ती तिची. भांडला असता तर बरं झालं असतं. बरणी फोडली असती, चार लोकांत तिची अब्रू काढली असती, तर आज ती त्याला काहीतरी देणं फेडल्यासारखी रडू शकली असती. त्यानं तेवढीही जागा ठेवली नाही. पसंतीचा एक हुंकार त्याच्या घराण्यात खोटा कधी निघाला नव्हता, कलेक्टर दारात उभा राहिला तरी. तो त्यानं तिच्यासाठी खोटा काढला. की खरा? टक लावून तिच्याकडेच बघत होता तो, तेलाकडे नव्हे. हे आता तिला कोण सांगणार होतं?

घरात गेल्यावर तिनं साबणाची वडी मोरीत ठेवली. फडताळाचं दार उघडलं, कागद जागेवर होता, दवाखान्याचा, खालच्या यादीत तीन चमचे. तिनं तो फाडला नाही. कागदानं काय केलं होतं? त्यानं तर काही म्हटलंच नव्हतं. तिनं चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापली. जुम्मा नव्हता, सोमवार होता. भाकरी फुगली तशी ताटात घेतली, तिखटमीठ घेतलं, आणि बरणी पुढं ओढली. अजूनही तिच्यात करडईचंच तेल असे, सवयीनं, सायरा आणत होती म्हणून. इतकी वर्षं तेच खाऊन तिनं ते एकदाही चाखलं नव्हतं. चाखायचं काम त्याचं होतं. तिनं मोजून तीन चमचे ओतले. मग नसीर बसायचा त्या जागी, भिंतीकडे तोंड करून, ती पाट घेऊन बसली. पहिला घास घेतला, सावकाश चावला. तिखट लागलं, मीठ लागलं, तांदूळ लागला. आणि त्यांच्या मध्ये जिथं काहीतरी असायला हवं तिथं काहीच नव्हतं, नुसता ओलेपणा. हे असं दोन वर्षं. दर जुम्म्याला, भिंतीकडे बघत, आणि मग तिला विचारत. ती चावत राहिली.

"न्हेमीवानी न्हाई लागत," ती भिंतीला म्हणाली. "कशाचीच चव न्हाई लागत हो, सायराचे अब्बा."